धमनीच्या भिंतीतला जंतू



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर तापाने फणफणलेली माणसे आणि छातीत कळ आलेली माणसे शेजारीशेजारी बसत. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र या दोघांची प्रकरणे फार लांब असतात. विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय हे जंतूंचे आजार. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात हे वयाचे, आहाराचे, तंबाखूचे, रक्तदाबाचे, मधुमेहाचे आणि आईवडिलांकडून आलेल्या वारशाचे. ही वाटणी कितपत खरी आहे, धमन्या कडक होण्यात आणि तुंबण्यात जंतूंचा काही हात आहे का, हा आजचा विषय आहे.

आधी एक गोंधळ दूर करतो. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होतात, हा आजार आपल्याकडच्या गरीब वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. त्याची सुरुवात स्ट्रेप्टोकॉकस या जंतूने होते आणि पेनिसिलिनने तो टाळता येतो, याबद्दल वाद नाही. उपदंशाचा जंतू महाधमनीची भिंत पोखरतो, हेही शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. माझा प्रश्न या दोन्हींचा नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेक सगळ्यांच्याच धमन्यांत कमीअधिक प्रमाणात जे साचते, ज्याला आपण अथेरोस्क्लेरॉसिस म्हणतो आणि ज्याने जगात सर्वांत जास्त माणसे मरतात, त्या विकाराबद्दल मी बोलतो आहे.

मी पॅथॉलॉजीचा माणूस. शवविच्छेदनात उभी चिरलेली महाधमनी मी पाहिली आहे आणि तिच्यावरून बोटही फिरवले आहे. तरुणाची धमनी आतून गुळगुळीत, फिकट आणि लवचिक असते. साठीतल्या माणसाची पिवळ्या-पांढऱ्या उंचवट्यांनी भरलेली असते. काही उंचवटे कापताना सुरीखाली चुन्याचा करकर आवाज येतो आणि काहींतून पिवळसर लगदा बाहेर पडतो. नळात क्षार साचून पाणी अडते तसा हा प्रकार, असे रुग्णांना सांगण्याची पद्धत आहे. ही उपमा मला कधीच पटली नाही, कारण क्षार नळाच्या आतल्या पृष्ठभागावर बसतो आणि नळाला त्याचा पत्ता नसतो. धमनीत जे घडते ते भिंतीच्या आत घडते, आणि ते जिवंत पेशी घडवतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे चरबी दिसतेच, पण ती गिळून फुगलेल्या भक्षकपेशी दिसतात, लिम्फोसाइट दिसतात, डागडुजी करणारा तंतूंचा थर दिसतो. हे सगळे दाहाचे चित्र आहे. दाह दिसला की माझ्या व्यवसायातला माणूस सवयीनेच पुढचा प्रश्न विचारतो: इथे जंतू आहे का?

हा प्रश्न नवा नाही. रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला धमनीच्या आतल्या थरातला हा बदल दाहाचाच आहे, असे मांडले होते. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये जिल्बेर आणि लियों यांनी सशांच्या महाधमनीला इजा करून त्यांना जंतू टोचले आणि भिंतीत चरबीयुक्त बदल दाखवले. विल्यम ऑस्लर यांनी १९०८ च्या सुमारास धमनीकाठिण्याची कारणे सांगताना तीव्र जंतुसंसर्गाचा स्पष्ट उल्लेख केला. मग १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना नुसते कोलेस्टेरॉल खाऊ घालून तसेच उंचवटे तयार करून दाखवले, आणि विसावे शतक हळूहळू कोलेस्टेरॉलचे झाले. ते योग्यच झाले. ज्या मुलांमध्ये जन्मतः एलडीएल कोलेस्टेरॉल प्रचंड असते त्यांना शाळेच्या वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, एलडीएल खाली आणले की झटके कमी होतात, आणि हे स्टॅटिनच्या मोठमोठ्या चाचण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. जंतूंबद्दल आज जे काही सांगेन त्याने या पुराव्याला तडा जात नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

तरी एक अडचण राहते. ज्याचे कोलेस्टेरॉल बेताचे, जो विडी-सिगारेट ओढत नाही, ज्याचा रक्तदाब ठीक आहे, अशाही माणसाला झटका येतो. शिवाय भिंतीत चरबी साचायला दशके लागतात आणि झटका मात्र एका विशिष्ट मंगळवारी पहाटे येतो. त्या मंगळवारी असे काय झाले, याचे उत्तर कोलेस्टेरॉलच्या आकड्यात नसते.

१९७८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कॅथरिन फॅब्रिकंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांवर एक प्रयोग केला. मरेक्स आजाराचा विषाणू कोंबड्यांना दिला, तेव्हा साध्या खाद्यावरच्या कोंबड्यांच्याही धमन्यांत माणसासारखे उंचवटे तयार झाले. विषाणू न दिलेल्या कोंबड्यांत तसे झाले नाही. पुढे त्या विषाणूविरुद्धची लस दिली, तेव्हा हे बदल टळले. हा विषाणू होता, जीवाणू नव्हे, आणि पक्षी म्हणजे माणूस नव्हे. पण संसर्गाने धमनी बिघडू शकते आणि लसीने ते रोखता येते, एवढे तत्त्वतः सिद्ध झाले.

यानंतरची हकीकत फिनलंडमधली आहे. हेलसिंकीचे पेक्का सैक्कू क्लॅमिडिया गटातल्या एका नव्या जंतूचा अभ्यास करत होते. तैवानमध्ये १९६५ साली एका मुलाच्या डोळ्यातून एक जंतू मिळाला होता, त्याला टीडब्ल्यू-१८३ असे नाव पडले. १९८३ मध्ये सिअ‍ॅटलला घसा दुखणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून मिळालेला एआर-३९ हा त्याचाच भाऊबंद निघाला. सिअ‍ॅटलचे थॉमस ग्रेस्टन यांनी दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून त्याला 'ट्वार' म्हटले. १९८९ पासून तो क्लॅमिडिया न्यूमोनिए या नावाने ओळखला जातो. हा जंतू खोकला, सर्दी, सौम्य न्यूमोनिया देतो आणि बहुतेकांना त्याचे नावही कळत नाही. तो पेशीच्या बाहेर वाढत नाही. आत शिरून लपून राहतो, आणि परिस्थिती प्रतिकूल असेल तर वाढ थांबवून पडून राहतो.

१९८८ च्या ऑक्टोबरात 'लॅन्सेट'मध्ये सैक्कू यांचा छोटासा लेख आला. नुकताच झटका आलेल्या ४० पुरुषांपैकी ६८ टक्क्यांच्या रक्तात या जंतूविरुद्ध प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त होते. जुनाट हृदयविकार असलेल्यांत ते ५० टक्के, आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत १७ टक्के. लेखातली माणसे थोडी होती, पण तो काळ ध्यानात घ्या. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी पोटातला अल्सर हा मानसिक ताणाचा किंवा तिखटाचा नसून एका जंतूचा आजार आहे, असे त्याआधी काही वर्षे म्हटले होते आणि जग नुकते कुठे त्यांचे ऐकू लागले होते. अल्सरवर दोन आठवड्यांचे प्रतिजैविक चालते, तर हृदयविकारावर का नाही?

पुढची दहा वर्षे उत्साहाची होती. जोहान्सबर्गच्या अ‍ॅलन शोर यांना शवविच्छेदनात मिळालेल्या हृदयधमन्यांच्या उंचवट्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नासपतीच्या आकाराचे कण दिसले. सिअ‍ॅटलच्या चो-चौ कुओ यांच्या मदतीने ते क्लॅमिडिया न्यूमोनिए असल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९६ साली लुइव्हिलचे हुलिओ रामिरेझ यांनी हृदय प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या काढलेल्या हृदयधमनीतून हा जंतू जिवंत वाढवून दाखवला. जंतू तिथे पोहोचतो कसा, याचे उत्तरही जुळत होते: फुप्फुसातल्या भक्षकपेशीत शिरायचे, तिच्यासोबत रक्तातून हिंडायचे, आणि ती पेशी धमनीच्या भिंतीत उतरली की तिथेच राहायचे. प्रयोगशाळेत अशा बाधित पेशींना एलडीएल दिले तर त्या चरबीने भरून फेसाळ पेशी होत, म्हणजे उंचवट्याचा पायाच घातला जाई. सशांच्या नाकातून जंतू दिला तर धमनीची भिंत जाड होई, आणि अझिथ्रोमायसिन दिले तर ती कमी जाड होई. प्रतिजैविकांच्या पहिल्या दोन छोट्या चाचण्या, एक लंडनची आणि एक अर्जेंटिनाची, १९९७ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि दोन्ही आशादायक निघाल्या.

एखादे अनुमान असे चहूबाजूंनी जुळत आले की शास्त्रज्ञाने सर्वांत जास्त सावध व्हावे, असे माझे मत आहे. या अनुमानाच्या मुळाशी तीन दुबळ्या जागा होत्या.

हा जंतू इतका सर्वसामान्य आहे की मध्यमवयापर्यंत निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे सापडतात. जे इतक्या लोकांत असते ते कोणत्याही आजाराशी जोडून दाखवता येते. दुसरे म्हणजे तंबाखू. धूम्रपान करणाऱ्यांना छातीचे संसर्ग जास्त होतात आणि त्यांच्या धमन्याही लवकर खराब होतात. गरिबी, दाटीवाटीची घरे, धूर यांचेही तसेच. दोन्ही आजार एकाच कारणाने होत असतील तर ते एकमेकांसोबत दिसणारच, त्यांचा आपसात संबंध असो वा नसो. जॉन दानेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गटांचा पाठपुरावा करून, धूम्रपान आणि सामाजिक स्थिती हिशेबात घेऊन पाहिले, तेव्हा सैक्कूंच्या लेखातला ठळक संबंध जवळजवळ विरून गेला. तिसरी जागा माझ्या व्यवसायातली आहे, म्हणून ती मला अधिक टोचते. उंचवट्यात जंतूचा डीएनए सापडला, असे कोणी म्हणे, कोणी म्हणे एकाही नमुन्यात नाही. एकाच नमुन्यांचे भाग वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले तर निकाल जुळत नव्हते. मोजमापाचे साधनच असे डळमळते असेल, तर त्यावर उभी केलेली टक्केवारी कशाच्या आधारावर टिकणार?

आणि या तिन्हींच्या पलीकडचा प्रश्न आहे तो जंतू तिथे काय करतो याचा. भक्षकपेशींचे कामच जंतू गिळणे हे आहे. उंचवट्यात भक्षकपेशी गोळा होतात, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांनी गिळलेले जंतूही तिथे येतील. सापडणे वेगळे आणि कारण असणे वेगळे. रॉबर्ट कॉख यांनी हा फरक ठरवण्यासाठी अटी घालून दिल्या होत्या, आणि त्या इथे पुऱ्या होत नव्हत्या. जनावरे बाधित करता येतात, पण माणसाला वीस वर्षे बाधित ठेवून वाट पाहता येत नाही. माणसात एकच प्रामाणिक परीक्षा शक्य होती: जंतू मारणारे औषध द्या आणि झटके कमी होतात का ते बघा.

ही परीक्षा घेतली गेली, आणि ती कशी घेतली गेली हे मला आज सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. पहिली मोठी चाचणी 'विझार्ड'. पूर्वी झटका येऊन गेलेले आणि रक्तात या जंतूची प्रतिपिंडे असलेले ७,७४७ लोक. निम्म्यांना तीन महिने अझिथ्रोमायसिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. २००३ मध्ये निकाल आला: म्हणण्यासारखा फरक नाही. तीन महिने कमी पडले असतील, असा आक्षेप निघाला. २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. एकीत अस्थिर हृदयविकाराच्या ४,१६२ रुग्णांपैकी निम्म्यांना सरासरी दोन वर्षे दर महिन्याला ठरावीक दिवस गॅटिफ्लॉक्सासिन दिले होते. तिच्यातही फरक नाही. दुसरी होती 'एसेस'. ४,०१२ रुग्ण, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन पूर्ण एक वर्ष, आणि त्यानंतर सुमारे चार वर्षांपर्यंत पाठपुरावा. हृदयविकाराचा मृत्यू, झटका, धमनीवरील शस्त्रक्रिया किंवा अस्थिर छातीदुखी यांपैकी काहीतरी झाले अशा व्यक्ती औषधाच्या गटात ४४६, निष्क्रिय गोळीच्या गटात ४४९.

४४६ आणि ४४९. या चाचणीचे प्रमुख थॉमस ग्रेस्टन होते. ज्यांनी हा जंतू जगापुढे आणला, ज्यांनी वीस वर्षे त्याच्या मागे घालवली, त्यांनीच आपल्या सिद्धान्ताची सर्वांत कडक परीक्षा घेतली आणि विरोधात गेलेला निकाल जसाच्या तसा छापला. विज्ञानातला मोठेपणा शोध लावण्यात असतो असे आपण मुलांना शिकवतो. मला वाटते तो या निकालाखाली सही करण्यातही तेवढाच आहे.

डेन्मार्कच्या 'क्लॅरिकॉर' चाचणीचा निकाल तर चिंताजनक होता. स्थिर हृदयविकाराच्या चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी ज्यांना दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन दिले, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत मृत्यू जास्त झाले. या औषधाबद्दल हृदयरुग्णांना सावध करणारी सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये काढली. त्यामुळे 'घेतले तर काय बिघडले' असेही म्हणता येत नाही.

या निकालांवर सिद्धान्त मरतो का? काही म्हणाले, उंचवट्यात पडून राहिलेला जंतू वाढत नसतो आणि अशा निद्रिस्त जंतूवर प्रतिजैविके चालत नाहीत. काही म्हणाले, साठीत औषध देऊन काय उपयोग, संसर्ग विशीत झालेला. ही स्पष्टीकरणे अशक्य नाहीत. पण ज्या सिद्धान्ताला प्रत्येक अपयशानंतर नवी सबब लागते त्याच्यावर रुग्णांना औषध देता येत नाही.

शिवाय दोन मोठी उदाहरणे साध्या जंतुसिद्धान्ताच्या विरोधात उभी आहेत. पहिले सैक्कूंच्याच देशातले. फिनलंडचा उत्तर करेलिया हा भाग १९६० च्या दशकात पुरुषांच्या हृदयविकाराने कुप्रसिद्ध होता. १९७२ पासून पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तिथे लोणी, मीठ, सिगारेट आणि रक्तदाब यांवर काम झाले. चार दशकांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. एकाही जंतूवर औषध न देता. दुसरे उदाहरण बोलिव्हियाच्या अ‍ॅमेझॉनमधल्या त्सिमाने लोकांचे. शिकार, मासेमारी आणि शेती करणारे हे लोक आयुष्यभर जंतांनी आणि जंतुसंसर्गांनी वेढलेले असतात. रक्तातली दाहाची खूण त्यांच्यातल्या निम्म्या लोकांत वाढलेली आढळली. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७०५ प्रौढांच्या हृदयधमन्यांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियमचा मागमूस नव्हता. इतक्या निरोगी हृदयधमन्या आजवर कोणत्याही लोकसमूहात नोंदल्या गेल्या नव्हत्या. त्यांचे एलडीएल कमी, शरीरश्रम भरपूर आणि धूम्रपान नगण्य. म्हणजे नुसत्या संसर्गाने, नुसत्या दाहाने धमनी भरत नाही. भरायला चरबी लागते.

मग संसर्गाचे काय उरते? माझ्या मते खूप काही उरते. मघाचा तो मंगळवार आठवा.

ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून लियाम स्मीथ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की छातीचा संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत झटक्याचा धोका त्याच व्यक्तीच्या एरवीच्या धोक्याच्या सुमारे पाचपट होतो आणि मग काही आठवड्यांत ओसरतो. या पद्धतीची खुबी अशी की माणसाची तुलना त्याच माणसाशी होते, त्यामुळे तंबाखू, गरिबी, आनुवंशिकता हे सगळे दोन्ही बाजूंना सारखेच राहते. १९९० च्या दशकातला गोंधळ इथे शिरत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०१८ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या इन्फ्लुएन्झाबाबत हेच तपासले. पहिल्या आठवड्यात धोका सहापट निघाला. जीवाणूंच्या न्यूमोनियातही हृदयविकाराचा धोका पहिल्या महिन्यात झपाट्याने वाढतो आणि पूर्वपदावर यायला वर्षे लागतात.

याचे शरीरशास्त्र समजण्याजोगे आहे. उंचवट्यावर तंतूंचे पातळ झाकण असते. तापात शरीरभर दाह उसळतो, उंचवट्यातल्या भक्षकपेशी जाग्या होऊन झाकण विरघळवणारी विकरे सोडतात, रक्त लवकर गोठू लागते, नाडी धावते, फुप्फुस भरलेले असल्याने प्राणवायू कमी पडतो. झाकण फाटते, त्यावर गुठळी धरते आणि धमनी बंद होते. इथे जंतूला धमनीच्या भिंतीत राहण्याची गरजच नाही. तो फुप्फुसात असला तरी पुरे. आपण वर्षानुवर्षे जंतू धमनीत शोधत होतो. त्याचा परिणाम दुरून होतो, हे नंतर लक्षात आले.

दुरून होणाऱ्या परिणामांतले दुसरे ठिकाण म्हणजे हिरड्या. फिनलंडमध्येच १९८९ साली मॅटिला यांनी झटका आलेल्या रुग्णांचे दात जास्त खराब असतात असे नोंदवले. पायोरियात दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खळगे होतात, त्यांत जंतूंचे थर जमतात आणि घास चावताना, दात घासताना ते थोडे थोडे रक्तात जातात. लंडनमध्ये मॉरिझिओ टोनेटी आणि सहकाऱ्यांनी तीव्र पायोरियाच्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांच्या हिरड्यांची कसून सफाई केली आणि त्यांच्या धमन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता मोजली. सफाईनंतर २४ तासांनी ती घटली, कारण सफाईने शरीरात दाह उसळला होता. पण दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी ती दुसऱ्या गटापेक्षा चांगली होती. हिरडीचा धमनीशी संबंध आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही. तरी झटके कमी झाले, असे यातून निघत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासून नेमके हेच म्हटले: संबंध आहे, तो इतर कारणे वजा केल्यावरही उरतो, पण पायोरियाने हृदयविकार होतो किंवा त्याच्या उपचाराने तो टळतो, हे सिद्ध नाही. आपल्याकडे हे वेगळे काढणे आणखी अवघड आहे. मिसरी लावणाऱ्या बाईच्या आणि तंबाखू मळून दाढेत धरणाऱ्या पुरुषाच्या हिरड्याही बिघडतात आणि तोच तंबाखू रक्तात उतरून धमन्यांवरही काम करतो.

दाह हा मधला दुवा खरा आहे, हे २०१७ मध्ये पॉल रिडकर यांच्या 'कँटोस' चाचणीने दाखवले. १०,०६१ रुग्णांपैकी काही गटांना कोलेस्टेरॉलला हात न लावणारे, फक्त दाहाची एक साखळी तोडणारे कॅनाकिनुमॅब हे औषध दिले. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र त्याच वेळी जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. ज्या दाहाने धमनी बिघडते त्याच दाहाने आपण जंतूंशी लढतो, त्यामुळे तो सरसकट बंद करता येत नाही.

आणि जंतू धमनीत शोधणेही थांबलेले नाही. फिनलंडच्याच टॅम्पेरे विद्यापीठात पेक्का कार्हुनेन यांच्या गटाने २०१३ मध्ये झटक्याच्या रुग्णांच्या धमनीतून शोषून काढलेल्या गुठळ्या तपासल्या, तेव्हा ७८ टक्के गुठळ्यांत तोंडातल्या व्हिरिडान्स स्ट्रेप्टोकॉकस गटाचा डीएनए होता. २०२५ मध्ये त्यांनी अचानक मृत्यू पावलेल्या १२१ जणांच्या हृदयधमन्या आणि शस्त्रक्रियेत काढलेले ९६ रुग्णांच्या धमन्यांतले उंचवटे पाहिले. सुमारे ४२ टक्क्यांत हेच जंतू सापडले. ते उंचवट्याच्या गाभ्यात चिकट थर करून बसलेले होते आणि रोगप्रतिकारक पेशींना त्यांची चाहूल लागलेली दिसत नव्हती. जिथे झाकण फाटले होते तिथे मात्र ते मोकळे पसरलेले होते. पाहण्याची पद्धत १९९० च्या दशकापेक्षा पुष्कळ सुधारली आहे आणि मी हे काम गांभीर्याने घेतो. पण जुना प्रश्न इथेही लागू आहे. झाकण जंतूंमुळे फाटले, की फाटल्यावर जंतू पसरले, हे मृत धमनी सांगू शकत नाही. आणि माणसात चाचणी घ्यायची तर निम्म्या लोकांचा पायोरिया वर्षानुवर्षे उपचाराविना ठेवावा लागेल, जे कोणताही डॉक्टर करू शकत नाही आणि करू नये.

आता आपल्या उपयोगाचे. झटका येऊन गेलेल्या माणसाने हृदयासाठी प्रतिजैविक घेऊ नये. आपल्याकडे अझिथ्रोमायसिनची पट्टी मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही मिळते, म्हणून हे मोठ्याने सांगतो: चार मोठ्या चाचण्यांत त्याचा आणि त्यासारख्या औषधांचा उपयोग झाला नाही, आणि असे विनाकारण घेतलेले प्रत्येक औषध जंतूंना निगरगट्ट करते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा. हृदयाला किती फायदा होईल ते सांगता येत नाही, पण दात टिकतील हे नक्की. स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या, तंबाखू सोडणे यांची जागा दुसऱ्या कशालाही घेता येत नाही.

एक गोष्ट मात्र आपण अगदीच कमी करतो. २०२१ मध्ये 'आयएएमआय' चाचणीचा निकाल आला. आठ देशांत, त्यांत बांगलादेशही होता, झटका आलेल्या किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या २,५७१ रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयातच फ्लूची लस टोचली. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी असे काही झालेल्यांचे प्रमाण लस न मिळालेल्यांत ७.२ टक्के होते आणि लस मिळालेल्यांत ५.३ टक्के. प्रतिजैविकांनी जे साधले नाही ते एका सुईने साधले, बहुधा तिने झटक्याच्या आधीचा ताप अडवला म्हणून. आपल्याकडे हृदयविकाराच्या रुग्णाला घरी सोडताना दिलेल्या कागदावर डझनभर औषधे असतात, लसीचा उल्लेख क्वचितच. परदेशी पुस्तकांत ही लस थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबरात घ्यायला सांगतात. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट बहुतेक वर्षी पावसाळ्यात येते, आणि लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात. म्हणून घरात हृदयरुग्ण असेल तर मे संपण्याआधी त्याच्या डॉक्टरांना या लसीबद्दल विचारा.